घेतो, म्हणजे किती?

स्विंडनच्या इस्पितळात खुर्च्या तीन
आणि माझी चौथी, जरा मागे सरकवलेली.
दुभाष्याने मध्ये यायचं नसतं.
दुसरा नियम: "ते म्हणतात" असं म्हणायचं नाही.
जो बोलेल त्याचा मी, तोच आपला मी.

डॉक्टर प्रिचर्ड विचारतात, पिता का?
श्रीरंग घोडके, पावाच्या कारखान्यात एकोणीस वर्षं रात्रपाळी,
बुटांकडे बघत सांगतात,
"घेतो. कधीमधी."

घेतो.
भाजी घेतो, औषध घेतो, कर्ज घेतो,
आणि नुसतंच घेतो.
कर्म गाळलेलं क्रियापद,
आणि ऐकणाऱ्या सगळ्यांना कळलेलं.
इंग्रजीत ते कर्म मलाच भरावं लागतं.

"कधीमधी म्हणजे?"
"बसलो की."
आता हे बसणं कसं नेऊ पलीकडे?
सगळेच तर बसलेत इथे.

कुमुदिनीबाई काही बोलत नाहीत.
मोबाइल काढून फोटो धरतात समोर:
बॉयलरचं कपाट, मागे बाटल्या,
कारखान्याच्या पावाच्या पिशव्यांत
लेकरांसारख्या गुंडाळलेल्या.

डॉक्टर छापील कार्ड काढतात. युनिटांचं.
"अर्धी बाटली म्हणजे चौदा.
चौदाच्या वर नको असं आम्ही सांगतो."
"मग बरोबर आहे की," घोडके हलके होतात.
"आठवड्याला," डॉक्टर म्हणतात.
आठवड्याला, मी म्हणते.

यकृत, असं सांगितलं तर
शाळेतल्यासारखी मान हलवली त्यांनी.
"काळीज हो. खाटकाकडे मिळतं ते."
तर हात छातीवर गेला.
"तिथे नाही. उजवीकडे, बरगडीखाली."
हात खाली सरकला, किल्ली चाचपावी तसा,
आणि तिथेच थांबला.

ते आतून व्रणांनी भरलंय. घट्ट होत चाललंय.
म्हणून डोळे पिवळे, म्हणून पोटात पाणी,
म्हणून परवा नातीचं नाव आठवेना.
"काळजाचा दगड होतोय," माझ्या तोंडून गेलं.
"तो कधीच झालाय," कुमुदिनीबाई.
नियम म्हणजे नियम.
हेही इंग्रजीत सांगितलं.
प्रिचर्डांचं पेन थोडा वेळ कागदावर टेकून राहिलं.

मग ते म्हणाले, एकदम सोडू नका.
फिट येईल, जीवावर बेतेल.
इथे दाखल व्हा, औषधं देऊ, हळूहळू उतरवू.
"नीट सांगितलंस ना गं?" बाई माझ्यावरच उखडल्या.
"बारा वर्षं मी सोडा सोडा करतेय,
देवावर हात ठेवून शपथा घातल्या,
आणि हा म्हणतो सोडू नका?"
पुन्हा सांगितलं. एकदम. एकदम नाही.
तेव्हा कुठे त्या रडल्या.

आणि घोडके बोलायला लागले.
कुणी विचारलं नव्हतं.
पाळी संपवून येतो, पडदे ओढतो,
उजेड नको वाटतो, झोप येत नाही.
पहिला घोट पोटात गेल्याशिवाय हात थांबत नाहीत.
कपबशी वाजते. नात बघते.

मी एकेक वाक्य उचलून पलीकडे ठेवत गेले.
मी पडदे ओढते. मी झोपत नाही. मी पिते.
इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं;
पितो आणि पिते तिथे एकच.
आवाज माझा होता
आणि तो कापला नाही, याचंच मला नवल.

फॉर्मवर सही. भाषा: मराठी. वेळ: पन्नास मिनिटं.
"ते कार्ड मिळेल का एक? पुढच्या पेशंटसाठी."
डॉक्टरांनी दोन दिली.

बसथांब्यावर वारा. कार्ड खिशातच ठेवून
बोटांवर मोजलं:
वाइनची बाटली, दहा धरू.
गुरुवारी काचेचा डबा न्यायला येतात.
तो मी दोन घरं सोडून ठेवते, भल्या पहाटे,
आणि आवाज होऊ नये म्हणून
बाटल्यांच्या मध्ये वर्तमानपत्र घालते.
चार. नाही,
या आठवड्यात पाच.