बाकी

चौथीचा वर्ग, मितिलिनी बंदरावरची शाळा.
खिडकीतून अर्धा किल्ला दिसतो, आणि पिरेअसहून
रात्रभर पाणी कापत आलेली सकाळची बोट.
आज इतिहास. बाकं मी दोन रांगांत लावते.
शिपाई प्रोकोपिस कुरकुरत झाडूंचे दांडे देतो,
"मागच्या वर्षी दोन मोडले, बाई."

एक रांग म्हणजे पहिलं जहाज.
त्यात हुकूम आहे: या गावातले सगळे पुरुष मारा.
अथेन्सच्या सभेनं हात वर करून ठरवलेलं,
रागाच्या भरात, एका दुपारी.
या जहाजात बसायला कुणी तयार नसतं,
चिठ्ठ्या टाकाव्या लागतात.
ताक्सिआर्हिसला नेमकी तीच निघते.
दांडा मांडीवर आडवा टाकून
तो भिंतीकडे बघत बसतो.

दुसरी रांग, दुसरं जहाज.
रात्री लोकांना झोप लागली नाही.
सकाळी पुन्हा सभा, पुन्हा हात मोजले,
थोडेसेच जास्त भरले या बाजूला.
तेवढ्याशा फरकावर एक जहाज पाण्यात ढकललं,
एक दिवस आणि एक रात्र मागे.

वल्हवा आता.
जवाचं पीठ तेलात आणि दारूत कालवून
वल्ही न सोडता खाल्लं त्यांनी.
मी दारूऐवजी द्राक्षांचा रस आणते,
जवाची कडक बिस्किटं, बाटलीभर तेल.
फरशीवर डाग पडतात, आया तक्रार करतात.
"पाळीपाळीनं झोपा" म्हटलं
की मिर्सिनी खरंच डोळे मिटते,
दांडा मात्र तिचा हलत राहतो.

वारा आड आला नाही.
आणि पहिल्या जहाजाला घाई नव्हती.
हे वाक्य मी सावकाश म्हणते.
असला निरोप पोचवायची
कुणाला घाई असणार?
ताक्सिआर्हिस इथे पहिल्यांदा मान वर करतो.

मग टेबलापाशी सेनापती होऊन
मी हुकूम उलगडते, घसा खाकरते,
"या गावातले सगळे..."
आणि दुसरी रांग ओरडते, थांबा!
मग पहिलीही. एकोणीस मुलं,
दांडे दिव्याला लागतात.

चौदा वर्षं मी इथेच थांबत आले.
कहाणी सुफळ संपूर्ण,
घंटा, दप्तरं, धावपळ.

यंदा मिर्सिनीनं ओठांवरचा रस पुसत विचारलं,
"म्हणजे कुणीच मेलं नाही?"

पुढच्याच ओळीत आहे ते.
त्या ओळीपर्यंत वर्गाला मी कधी नेलं नव्हतं.
म्हटलं, बंडाचे पुढारी म्हणून
काही जण आधीच अथेन्सला धाडले होते.
त्यांना तिथे मारलं.
"किती?"
हजार. हजाराहून थोडे जास्तच.
"आकड्याबद्दल वाद आहे," मी घाईनं म्हणाले,
आणि म्हणताना मलाच माझा आवाज ऐकू आला.

इग्नातिस उठला. त्याला गणित आवडतं.
खडू घेऊन त्यानं फळ्यावर मांडलं:
एक हजार भागिले एकोणीस.
बावन्न वर्ग.
बाकी बारा.

"एवढे वर्ग आपल्या शाळेत नाहीतच."
"एवढी झाडूही नाहीत."
कुणीतरी हसलं, पण ते हसणं पुढे गेलं नाही.
बावन्न वर्ग कुणाच्या डोळ्यांपुढे येईनात.
बारा मात्र येत होते.
बारा म्हणजे फुटबॉलची एक टीम आणि वर एक.
बारा म्हणजे त्या खिडकीपासून दारापर्यंत.
पेलाघियानं खडूकडे पाहिलं,
काही बोलली नाही,
बाकावर जराशी सरकली,
जागा झाली.

घंटा वाजून गेली होती.
प्रोकोपिस दांडे मोजून घ्यायला आला.
एक कमी भरला.
ताक्सिआर्हिस अजून वल्हवत होता,
हळू,
जमेल तितकं हळू.