साडेसातचे सात

सव्वीस वर्षं मी बटणं विकली
सेतूबालच्या मासळीबाजारामागच्या बोळात.
शिंपल्याची, शिंगाची, प्लास्टिकची;
एक हरवलं म्हणून आलेल्या बाईला
सहाचा संच गळ्यात मारून.
आता दुकानाला कुलूप, गुडघ्यांना वात,
आणि दर गुरुवारी नगरपालिकेच्या वाचनालयात
रूबेन नावाचा पोरगा आम्हाला कोड शिकवतो.

आम्ही नऊ जण. सगळ्यांत थोरली मी.
"आधी कधी केलंय?" त्यानं विचारलं.
थोडंसं, म्हटलं.
थोडंसं म्हणजे कोबोल.
थोडंसं म्हणजे कपाटाएवढं यंत्र,
त्याला उकडू नये म्हणून
ऑगस्टात स्वेटर घालून बसलेली मी.

इथे दोन अक्षरं लिहावीत
तर पुढची सहा राखाडी रंगात आपणहून उमटतात.
आर्लिंदु असाच माझी वाक्यं पुरी करायचा,
लग्नाच्या पहिल्या वर्षी. चुकीची.

कंस विसरले. लगेच लाल रेघ.
तेव्हा चूक कळायला रात्र जायची:
सकाळी टेबलावर कागदांची चळत,
आणि तिच्यात कुठेतरी माझा मूर्खपणा,
छापील, ठळक, चार प्रतींत.

पहिली नोकरी फेरीबोटीच्या तिकिटांची. चार महिने टिकली.
दुसरी सार्डिनच्या कारखान्यात, पगारपत्रकाची.
बोटी आल्या की भोंगा व्हायचा.
प्रत्येक कारखान्याचा सूर निराळा,
बायका झोपेतही आपला ओळखायच्या,
रात्री दोनला, पहाटे पावणेपाचला,
ओल्या केसांवर रुमाल बांधत धावायच्या.
मासा काही घड्याळ बघून जाळ्यात येत नाही.
त्यांचे तास म्हणून कधीच पूर्णांकात नसायचे.

एर्मेलिंदा पगाराच्या खिडकीशी आली ती शनिवारी.
मनगटावर एक खवला चिकटलेला, नाण्यासारखा चमकणारा.
अक्षर वाचता येत नव्हतं तिला. भोंगे मोजता येत होते.
एप्रनच्या दोरीला गाठी मारल्या होत्या तिनं:
तासाला मोठी, अर्ध्याला लहान.
"पोरी, माझ्या लहान गाठी कुठे गेल्या?"

मी चोवीस वर्षांची.
म्हटलं, यंत्र चुकत नाही, बाई.

तिनं वाद घातला नाही.
दोरी सोडली, खिडकीच्या फळीवर ठेवली
आणि तशीच, सैल एप्रननं, कामाला गेली.

रात्री बसून गाठी मोजल्या.
घराला दशांशाची जागा द्यायची मी विसरले होते.
साडेसातचे सात. सव्वाअकराचे अकरा.
दोनशे बारा बायका, अकरा आठवडे.
सेन्योर वालादारेसनं यादी पाहिली, चष्मा पुसला.
"पुढच्या महिन्यापासून नीट कर."
आणि मागचं?
"मागचं मागे."
मी नीट केलं. पुढच्या महिन्यापासून.
दोरी परत द्यायला गेले तेव्हा
तिच्या कमरेला नवी होती.

कारखान्याच्या जागी आता बाल्कन्यांची इमारत आहे.
भोंगा मी अजून ऐकते, पण ते कानाचं दुखणं,
डॉक्टर म्हणते.

रूबेन म्हणाला, काहीही छोटं लिहा, तुमच्या आवडीचं.
शेजारच्या आजोबांनी कबुतरांच्या शर्यतीचं लिहिलं.
मी लिहिलं: हजेरी घे, तास मोज, पाव टाकू नकोस,
अर्धा टाकू नकोस, बेरीज दाखव.
एकदाही न अडता चाललं.
हाताला सगळं आठवत होतं, मलाच नव्हतं.

"छान," तो वाकून म्हणाला,
"पण डेटा कुठून आणलात? खरा वाटतो."

दुकानातून, म्हटलं.
घरी, तळाच्या खणात, सुट्या बटणांच्या डब्यात
ती दोरी आहे.
गाठी इतक्या घट्ट बसल्यात
की मोठी कुठली नि लहान कुठली
आता नखानंच कळतं.
पुढच्या गुरुवारी घेऊन जाईन.
अजून तीन आठवडे भरायचे आहेत.