अजून धार नाही

इल्डिको आमच्या वरच्या मजल्यावर राहते, माहीमला,
शीतलादेवीच्या अलीकडची गल्ली. लिफ्ट तिसऱ्यापर्यंतच,
चौथा चढून जायचा.
बुडापेस्टहून आली ती दोन वर्षांच्या करारावर,
आता चौथं वर्ष चालू आहे.
घरमालकाला भाडं पाच तारखेला,
मला शिकवणीचे पैसे एक तारखेला,
पाकिटावर माझं नाव : शरयूताइ. ऱ्हस्व.
मी दुरुस्त करत नाही.

तिच्या भाषेत तो, ती, ते असं काही नाहीच,
सगळ्यांना मिळून एकच छोटा स्वर.
त्यामुळे तिनं इथं सगळी माणसं नपुंसकलिंगात घातलीत :
पोस्टमन गेलं, बँकेचं मॅनेजर चिडलं,
वॉचमन, तू जेवलं का?
साठीचा महिपत मला म्हणाला,
आई गेल्यापासून असं
कुणी विचारलं नव्हतं, बाई.

एकदा मी विचारलं,
एकटी, इतक्या लांब, काय मिळतं गं तुला?
मला वाटलं, पगार सांगेल.
ती बांगडा साफ करत होती, बोटाला खवलं,
शब्द जुळवत जुळवत म्हणाली :
तिकडे दुकानात गेले की मी डॉक्टर केलेमनची मुलगी.
घटस्फोटवाली. भावाशी न बोलणारी.
पाव घ्यायच्या आधी हे सगळं
काउंटरवर काढून ठेवायला लागतं.
इथं मी फक्त पाव घेते.
चार. कडक.

अगं, पण इथंही विचारतातच की, मी म्हटलं.
इस्त्रीवाला विचारतो, मिस्टर कुठायत.
मासळीवाली विचारते, पोरंबाळं?
सामंतीणबाई तर लिफ्टचं दार अडवून विचारतात.

विचारतात, ती म्हणाली, पण मराठीत.
तुमचे शब्द मला लागत नाहीत अजून.
नव्या सुऱ्या आहेत, धार लावायची राहिलीय.
'नवरा' म्हणजे पान सत्तावीस.
'एकटी' म्हणजे एकटाचं स्त्रीलिंग, बस.
आणि हसली. एक खवलं उडून माझ्या चष्म्यावर.

त्या रात्री मी पडल्या पडल्या मोजले
मला लागलेले शब्द.
एकसष्ट वर्षं ह्याच भाषेत, ह्याच चार गल्ल्यांत.
बरेचसे लहान होते, दोन-तीन अक्षरांचे,
एक तर नुसतं 'हं', सासऱ्यांचं,
माझ्या हातचा पहिला चहा पिऊन झाल्यावर.
अजून ओढतं ते,
थंडीत जुना टाका ओढतो तसं.

गुरुवारी मी वही तिच्याकडे सरकवली.
आता तू शिकव.
पाणी : वीझ. मीठ : शो. मासा : हॉल.
आमच्या हॉलमध्ये सोफा असतो गं, मी म्हटलं.
चुकायचं, हसायचं, पुन्हा चुकायचं.
किती वर्षांनी मला काहीतरी येत नव्हतं
आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं!

पाचव्या आठवड्यात भूतकाळ आला.
म्हटलं, मला एक वाक्य हवंय.
एका माणसाबद्दल. गेलाय तो, फोटोला हार आहे.
बत्तीस वर्षं. वाईट नव्हता,
दर शनिवारी वडे आणायचा.
माझं प्रेम नव्हतं त्याच्यावर, एवढंच
म्हणायचंय.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
मग देवनागरीत लिहून दिलं, अक्षर मोठं काढून.
मी खिडकीशी गेले. मोठ्यानं वाचलं.
नेम सेरेत्तेम.

खाली सामंतीणबाई कुंड्यांना पाणी घालत होत्या.
वर बघून म्हणाल्या, स्तोत्र का हो एखादं?
हो, मी म्हटलं.
छान आहे. शांत वाटतं ऐकून.

मागून इल्डिको म्हणाली,
ताई, जोर पहिल्या अक्षरावर.

मग मी परत म्हटलं,
जोर देऊन.