ओढ्यापलीकडची

लोणंदला उतरलं की वडाप मिळतं.
जीपवाला विचारतो, कुठल्या काठाला सोडू?
मी म्हणते, सुखेडच्या.
माझं तिथं कुणी नाही. बोरीतही नाही.
ऑफिसातल्या वंदना धायगुडेनं आणलं होतं एकदा :
पंचमीच्या दुसऱ्या दिवशी
आमच्याकडे बाया शिव्या देतात, बघायला ये.

बघायलाच आले होते.

हलगी कडाडली. मधे गढूळ ओढा,
दोन्ही काठांवर पदर खोचलेल्या बाया
बांगड्या भरलेले हात कोयत्यासारखे चालवत.
अर्धे शब्द पोचत होते, अर्धे पाण्यात पडत होते.
मी पर्स छातीशी धरून उभी,
बँकेच्या रांगेत असावं तशी.

तेवढ्यात पलीकडून एकीनं मला निवडलं.
पोपटी लुगडं, पुढचा एक दात पडलेला.
चष्म्यापासून सुरुवात केली तिनं,
मग केस, मग चाल,
मग माझ्या न पाहिलेल्या सात पिढ्या.
इतकं निरखून
मला बघायला आलेल्या पाहुण्यांनीही पाहिलं नव्हतं.

माझ्या तोंडून गेली ती आईची शिवी,
दूध उतू गेलं की ती द्यायची, तेवढीच.
वंदना माझ्याकडे बघतच राहिली.

पुढच्या वर्षी वंदना आली नाही. मी आले.
त्याच्या पुढच्याही.
साहेबाला, दिराला, सोसायटीच्या सेक्रेटरीला
जे बोलता येत नाही
ते घडी घालून ठेवते वर्षभर
आणि त्या पोपटी बाईच्या अंगावर टाकते.
तिचा काय संबंध?
तीही कुणाकुणाचं माझ्यावर टाकत असेल.

मागच्या श्रावणात मी दवाखान्यात होते.

यंदा डोक्याला रुमाल बांधून गेले.
वाटलं, नाही ओळखणार.
हलगी लागली तशी ती गर्दी सारत पुढं आली,
घोटाभर पाण्यात,
पोलीस मागून दंड धरून ओढतोय,
"अगं ए भवाने,
गेल्या साली कुठं मेली हुतीस?
माझं तोंड आंबलं की गं वाट बघून!"

मग मीही सोडली नाही तिला.
रुमाल सुटून कधी पडला, कळलं नाही.

सोमवारी डॉक्टरांनी टॉर्च मारून घसा पाहिला.
ओरडलात का कुठं?
मी मान हलवली.
बाहेर येऊन केमिस्टकडे विचारलं,
पुढच्या वर्षीचं कॅलेंडर आहे का.
म्हणाला, मॅडम, इतक्या लवकर?
पंचमी बघायची होती, म्हटलं.
आवाज फुटला नाही,
त्याला गोळ्याच हव्यात असं वाटलं.