अकरा महिन्यांचा करार

पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर लिहिलं होतं:
पक्षकार क्रमांक एक, म्हणजे मी,
वागळे इस्टेट, रस्ता क्रमांक सोळा,
पावडर कोटिंगचा धंदा, शुक्रवारी शेड रिकामी.
पक्षकार क्रमांक दोन, दमयंती मढवींची संस्था.
त्यांच्याकडे ब्रश, रंग, शिकवणाऱ्या दोन मुली
आणि एक जुनी पेटी,
जिचा एक सूर दाबला की दाबलेलाच राहतो.
क्रमांक तीन, इस्पितळातली खोली नऊ.
तिथले डॉक्टर केसपेपरवर गोळ्यांच्या खाली लिहायचे:
शुक्रवार, दोन ते पाच, शेड.

ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांची सही कुठेच नव्हती.
वय कमी. कायदा तसाच आहे.

मी होकार का दिला?
मढवीबाई सलग चार दिवस आल्या
आणि चौथ्या दिवशी माझा नकार कंटाळला.

पहिल्या शुक्रवारी नऊ पोरं.
कुणी लोकमान्यनगरचं, कुणी कोपरीचं,
एक मोठ्या गाडीतून, पण गाडी नाक्यावरच सोडून
चालत आलेलं.
मी कोपऱ्यातले रिजेक्ट पत्रे काढून दिले चितारायला.
बाई म्हणाल्या, आधी खडूने लिहिलेलं 'रिजेक्ट' पुसा,
आणि त्यावर भाषण नको.
मी फडकं ओलं केलं. भाषण तयार होतं, ते गिळलं.

मुबश्शिर रंगवत नव्हता.
सहा शुक्रवार त्याने झाडूच मारला.
सातव्या शुक्रवारी बूथपाशी येऊन विचारलं,
"काका, सगळं करडंच का?"
सत्तर-बत्तीस, म्हटलं, गिऱ्हाइकाला हाच शेड लागतो.
वीस वर्षं मी हा एकच रंग उडवतोय.

भट्टीत जाण्याआधी
पावडर पत्र्यावर नुसती टेकलेली असते.
फुंकर मारली तर उडते,
बोट लावलं तर बोट उमटतं.
दोनशे अंशांत दहा मिनिटं,
मग खरवडा नखाने, नाही निघत.

तो बोटाने लिहायचा. मग फुंकायचा.
काय लिहितोस, मी विचारलं नाही.
बाईंनी बजावलं होतं: विचारायचं नाही, आसपास असायचं.
आसपास असणं
मला घरी कधी जमलं नव्हतं.

गणपतीनंतरच्या एका शुक्रवारी म्हणाला,
"आज भट्टीत टाका."
मी पाहिलं.
दोन दहा.
दोन पंचावन्न.
तीन चाळीस.
रात्रीच्या वेळा, एकाखाली एक,
दूधवाल्याच्या वहीसारख्या.
तीन चाळीसला मीही जागा असतो,
कोलशेतला, सातव्या मजल्यावर,
बँकेच्या हप्त्याशी मनात भांडत.
बोललो नाही. चेहरा बोलला असावा.
"तुमचीपण टाका," तो म्हणाला.
बायकोला न सांगितलेली वेळ
मी बोटाने लिहिली:
तीन चाळीसच्या शेजारी, पुन्हा तीन चाळीस.

देणगीदार आले होते मध्ये.
किती मुलं बरी झाली, टक्क्यांत सांगा, म्हणाले.
मढवीबाईंनी त्यांना चहा दिला.

मुबश्शिर अजून जागतो. कमी, असं तो म्हणतो.
शर्वाणी नावाची एक मुलगी यायची, ती यायची थांबली.
डॉक्टर फोन करतात, बाई घरी जाऊन येतात.
तिचा पत्रा भिंतीकडे तोंड करून उभा आहे.
तो मी सरळ केलेला नाही.
तिची ती करील.

अकरा महिने संपले, करार पुन्हा छापला.
एप्रिलात त्याला अठरा पूर्ण झाली होती.
साक्षीदाराच्या रेघेपाशी त्याने पेन उघडलं
आणि थांबला.
"नाव चुकलंय. श ला श जोडलेला हवा."
चालतंय रे, म्हटलं, सही कर.
"नाही चालत."

टायपिस्ट जेवायला गेला होता.
आम्ही दोघं त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलो,
करार मांडीवर,
वाट बघत.