पाच नंबरचा कागद

शनिवारी रात्री सगळ्यांना पुन्हा सांगितलं:
पूर्ण पँट, जुने बूट, अत्तर नको,
टॉर्चवर लाल जिलेटीन, बोलणं खुणांनी.
आणि काहीच दिसलं नाही तर शून्य लिहा.
रकाना कोरा सोडू नका.
कोरा म्हणजे आपण गेलोच नव्हतो.
शून्य म्हणजे गेलो होतो, थांबलो होतो,
कोल्हा आला नाही.

बावीस जण. विक्रोळीच्या खाडीकाठी आठ ठिकाणं,
नकाशावर मीच पेन्सिलीनं टिंबं दिलेली.
परवानगीच्या शिक्क्याला सात आठवडे लागले,
तोही अर्धाच उमटला.

फाल्गुनी सांगोईनं पिशवीभर थेपले आणले,
मी डबा उघडू दिला नाही.
वासानं कुत्री येतात,
आणि कुत्री आली की सकाळ फुकट.
ग्रेशियसच्या गळ्यात मामाची दुर्बीण, एक काच तडकलेली.
आणि नेरूरकर, वय एकाहत्तर,
डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू नुकताच काढलेला.
म्हणाले, नवा डोळा आहे बाई,
त्यालाही काहीतरी बघू दे की.

पहाटे पाच. ओहोटी.
चिखलाला जुन्या अंड्यांचा वास,
तिवरांची मुळं वर आलेली,
एखाद्या वर्गानं एकदम बोटं वर करावीत तशी.
पलीकडे घणसोलीचे दिवे.
आयुष्यभर दुसऱ्यांच्या बोलण्याला आपण कोल्हेकुई म्हणतो,
बँकेत, युनियनच्या सभेत, मीही म्हटलंय.
आज तीच ऐकायला
बावीस माणसं खोकला दाबून उभी.

बगळे छत्तीस. खंड्या चार. मुंगूस एक.
ठसे: कुत्रा, कुत्रा, बहुधा कुत्रा.
मलनिस्सारण केंद्राचा रखवालदार पासवान म्हणाला,
रोज येतात हो मॅडम,
आज रविवार, सुट्टी असेल.

सात कागदांवर कोल्ह्यापुढे शून्य.
पाचव्यावर, नेरूरकरांच्या सुबक अक्षरात:
संख्या एक. वेळ पाच चाळीस. अंतर वीस मीटर.
वर्तन: माझ्याकडे पाहिले.

पाच चाळीसला मी त्यांच्या मागे होते, दहा पावलांवर.
समोर सिमेंटचं पोतं होतं, वाऱ्यानं फुगलेलं.
ते एकदा वळलं, थांबलं, पुन्हा पडलं.
कागद घेतला. थँक्यू म्हटलं.
आता थेपले काढा, म्हटलं.

रात्री आकडे भरताना पाचपाशी अडले.
पोतं लिहायला रकाना नव्हता,
आणि एका म्हाताऱ्या माणसाचा नवा डोळा
खोटा पाडायला माझा हात धजेना.
साडेनऊला त्यांचाच फोन.
बाई, तो एक खोडा.
मी गप्प.
पोतं होतं ना?
हो.
लिहितानाच कळलं होतं मला, म्हणाले,
आणि हवामानावर बोलत राहिले बराच वेळ.

खोडलं. शून्य केलं. शेजारी त्यांची सही घेतली.
आठ ठिकाणं, आठ शून्यं,
अहवाल तसाच जाईल.

मंगळवारी मध्यरात्रीनंतर फोन वाजला.
पलीकडे कुणी बोलेना.
पंख्याची घरघर, मग एक ट्रक,
मग लक्षात आलं,
कन्नमवार नगरातल्या तिसऱ्या मजल्यावरून
त्यांनी हात ग्रिलच्या बाहेर काढलाय, फोनसकट.
खूप लांब, एक.
त्यावर दुसरा चढला.
मग तीन की चार, मोजता येईना,
आणि गल्लीतली सगळी कुत्री त्यांच्यावर तुटून पडली.
ऐकलंत?
एवढंच विचारलं, आणि फोन ठेवला.

ठिकाण यादीत नाही. वेळ ठरल्याबाहेरची.
निरीक्षक अंथरुणात, अर्धी झोपेत, चष्म्याशिवाय.
पाच नंबरच्या कागदाच्या पाठीवर लिहिलं:
दोन चौतीस. तीन किंवा चार.
पेन्सिलीनं.
अंधारात पेन सापडलं नाही.