दोन्ही किल्ल्या

नियम असा आहे : गाडी चोरीला गेली
की दोन्ही किल्ल्या कंपनीकडे जमा करायच्या.
एक जरी कमी भरली तर फाईलवर
मी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढतो.
सव्वीस वर्षं काढतोय.

रायरीकरबाईंनी दोन्ही आणून ठेवल्या
टीपॉयवर, पोह्यांच्या बशीशेजारी.
एकीला पितळी कासव लटकवलेलं,
दुसरी अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत, शोरूममधून आली तशी.
"घ्या," म्हणाल्या, "किल्ल्या आहेत. गाडी तेवढी नाही."

कॅमेऱ्यात दिसतं ते एवढंच :
सहकारनगर, पहाटेचे तीन वाजून सात मिनिटं.
एकजण दाराला पाठीवरची सॅक टेकवून उभा,
पार्सल घेऊन आलेल्या पोरासारखा, कंटाळलेला.
दुसरा फाटकाच्या आत, गाडीपाशी.
आरसे उघडतात. दिवे दोनदा लुकलुकतात,
घरचं माणूस आल्यावर लुकलुकतात तसेच.
काच फुटत नाही. शेजारचा कुत्रा मान वर करतो
आणि परत पंजांवर ठेवतो.
दीड मिनिट.

"पण किल्ली तर इथे होती, या खुंटीवर!
आणि दाराला तीन कड्या आहेत हो."

मी समजावतो. मला हे आता पाठ आहे.
गाडी विचारत असते, अगदी हळू,
चार पावलांवर ऐकू जाईल इतपत :
आहेस का जवळ?
गाडीपाशी उभा असलेला तो प्रश्न उचलतो,
दाराशी उभ्या असलेल्याच्या सॅकमध्ये पोचवतो,
सॅक तो दारातून आत सोडते,
आणि खुंटीवरची किल्ली म्हणते,
आहे.
ती खोटं बोलत नाही. विचारलं, सांगितलं.
कोण विचारतंय ते बघायला डोळे नाहीत तिला,
अंतर मोजायला पाय नाहीत.

बाई जरा वेळ गप्प. मग म्हणाल्या,
"म्हणजे आमच्या भाऊंसारखंच."
आतल्या खोलीतून लगेच "ओ" आली.
भाऊ, वय अठ्ठ्याऐंशी. दिवाळीत बँकेतून म्हणून
कुणाचा फोन आला, तर चष्मा पुसून
सहाच्या सहा आकडे वाचून दाखवले,
दोनदा. नीट ऐकू आलं ना, असंही विचारलं.

पुढचं सांगणं माझ्या कामात बसत नाही, तरी सांगतो.
डबा घ्या. मी घरी सगळे करून पाहिलेत.
बिस्किटांचा पत्र्याचा : दार उघडलं, झाकण सैल.
बायकोचा मिसळणाचा डबा : उघडलंच,
वर महिनाभर किल्लीला हिंगाचा वास.
पोळ्यांची चंदेरी कागदाची घडी : नाही उघडलं,
पण ती चौथ्या दिवशी फाटते.
शेवटी तांबट आळीतून ठोक्याचा डबा केला,
झाकण इतकं घट्ट की अंगठा लाल होतो.
कारागिराने विचारलं, ठेवणार काय यात?
किल्ली, म्हटलं.
हातोडी थांबली त्याची.
"डब्याला किल्ली लावतात, साहेब.
किल्लीला डबा पहिल्यांदाच करतोय."

बाई हसल्या नाहीत.
कासववाली किल्ली हातात घेतली
आणि सवयीने, खिडकीकडे बघत, बटण दाबलं.
लाल ठिपका लागला, विझला.
फाटकाशी एक तेलाचा डाग, जास्वंदीची दोन फुलं.
पुन्हा दाबलं.

मी पावती लिहिली. किल्ल्या, नग दोन.
प्रश्नचिन्ह नाही.

पायऱ्या उतरून स्कूटरपाशी आलो
तर हेल्मेट वरच राहिलं होतं.
परत चढलो, घंटी दाबली.
बाई मागच्या गॅलरीत कपडे काढत असाव्यात.
काठीचा आवाज सावकाश दारापर्यंत आला.
"कोण आहे?"
"मी," म्हटलं.
एक कडी. दुसरी कडी. तिसरीला जरा वेळ लागला.
"या, या," भाऊ म्हणाले.
"मग आधीच सांगायचं नाही का, तुम्ही आहात म्हणून."